‘कीपिंग अप अपिअरन्सेस’चा संपूर्ण डीव्हीडी संच : पॅट्रिशिया राउटलेज बघायच्या असतील तर काय घ्यावं, कसं लावावं

आधी निकाल. ‘कीपिंग अप अपिअरन्सेस’ला विनोदी मालिका म्हणून पाचपैकी साडेतीन आणि एका अभिनेत्रीचं काम म्हणून पाचपैकी पाच. हे दोन आकडे वेगळे ठेवायला हवेत. संच घेणारे बरेच जण पहिल्या कारणासाठी घेतात, दहाबारा भाग सलग बघतात आणि ‘तेच तेच चाललंय’ म्हणून कपाटात टाकून देतात. तक्रार खोटी नाही. पण राउटलेजबाई नेमकं काय करताहेत इकडे लक्ष गेलं की हाच संच वेगळा दिसायला लागतो. बाई मुळात रंगभूमीच्या, त्यातही गाणाऱ्या. जन्म १७ फेब्रुवारी १९२९चा, बर्कनहेडचा. लिव्हरपूल प्लेहाउसमध्ये १९५२ साली पहिली व्यावसायिक भूमिका केली आणि या मालिकेतली नायिका हायसिंथ म्हणून जगभर ओळख झाली ती साठी ओलांडल्यावर. ३ ऑक्टोबर २०२५ला, वयाच्या ९६व्या वर्षी त्या गेल्या. मधल्या सगळ्या तालमींचा अर्क विकत मिळतो तो या संचात आणि आणखी दोनतीन डिस्कवर.

मालिका न पाहिलेल्यांसाठी एवढंच : हायसिंथ बकेट ही उपनगरातली गृहिणी. माहेर गरीब आणि गबाळं, महत्त्वाकांक्षा थेट उमरावांच्या पंगतीची. आडनावाचा उच्चार ती ‘बुके’ असा करते आणि सगळ्यांकडून करवून घेते. नवरा रिचर्ड सोसतो, शेजारीण एलिझाबेथ घाबरते, बहिणी डेझी आणि रोझ आणि मेहुणा ऑन्स्लो नको त्या वेळी उगवतात. कथानक म्हणून याहून फारसं काही नाही.

बीबीसी वनवर पहिला भाग २९ ऑक्टोबर १९९०ला लागला, शेवटचा १९९५च्या नाताळात. पाच सीझनमध्ये सहा, दहा, सात, सात, दहा असे ४० भाग आणि नाताळचे ४ विशेष, एकूण ४४. लेखन रॉय क्लार्क यांचं, दिग्दर्शन हॅरल्ड स्नोड यांचं. खोक्यावर ‘संपूर्ण’ छापलेलं असलं तरी ही बेरीज स्वतः करून बघा. घोळ होतो तो बहुधा विशेष भागांत. ‘द फादर ख्रिसमस सूट’ (१९९१), ‘सी फीव्हर’ (१९९३), ‘एंजल गेब्रिएल ब्लू’ (१९९४) आणि ‘द पेजंट’ (१९९५) ही चार नावं मागच्या बाजूला दिसली पाहिजेत. हे भाग त्या त्या सीझनच्या शेपटाला जोडायचे की वेगळ्या डिस्कवर ठेवायचे हे आवृत्तीगणिक बदलतं, त्यामुळे ‘पाचवा सीझन, अकरावा भाग’ अशा आकड्यांवर विसंबू नका, नावावर जा. यातला ‘सी फीव्हर’ तासाभराचा आहे आणि क्यूई२ या आलिशान बोटीवर घडतो. तो नसलेला संच स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

आता रीजनची, म्हणजे डिस्क कोणत्या भूभागातल्या प्लेअरवर चालेल या कुलपाची भानगड. ब्रिटनमधली आवृत्ती रीजन २ आणि पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीची, अमेरिकेतली रीजन १ आणि एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीची. भारतासाठी ठरवलेला रीजन ५. म्हणजे इथे विकलेला, कुलूपबंद प्लेअर दोन्ही आवृत्त्या नाकारू शकतो. सर्व रीजन चालवणारा प्लेअर असेल तर प्रश्न मिटला. संगणकाच्या ड्राइव्हवर लावणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा : ड्राइव्हचा रीजन फक्त ५ वेळा बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. हा हिशेब ड्राइव्हच्या स्वतःच्या स्मृतीत असतो, त्यामुळे विंडोज नव्याने टाकून काही साधत नाही. व्हीएलसी हे संगणकावरचं प्लेअर सॉफ्टवेअर रीजन विचारत बसत नाही आणि पुष्कळदा काम भागतं, पण काही ड्राइव्ह परक्या रीजनच्या डिस्कचं कुलूप उघडणारी सांकेतिक किल्लीच देत नाहीत. मग मेन्यू नीट दिसतो आणि भाग सुरू केला की चित्र फुटतं किंवा अडकतं. अशा वेळी डिस्क खराब आहे समजून परत पाठवायची घाई करू नका, आधी दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघा.

दोन्ही आवृत्त्या चालत असतील तर पालचीच घ्या. मालिका ६२५ ओळींच्या ब्रिटिश पद्धतीत चित्रित झाली. त्यातल्या ५७६ ओळी पडद्यावर दिसतात आणि सेकंदाला ५० अर्धचित्रं (एकाआड एक ओळींची) येतात. एनटीएससीत ओळी उरतात ४८० आणि अर्धचित्रं होतात साधारण ६०. पन्नासाची साठ करताना शेजारशेजारची चित्रं एकमेकांत मिसळावी लागतात, म्हणून हात किंवा मान झटकन हलली की मागे पुसट सावली राहते. निसर्गाच्या माहितीपटात हे खपून जाईल. इथे विनोद बाईंच्या चेहऱ्यावर अर्ध्या सेकंदात होणाऱ्या बदलावर उभा आहे आणि तो अर्धा सेकंदच धुरकट होतो.

टीव्हीची मांडणीही तपासायला हवी. चित्र ४:३ मापाचं आहे. नवे टीव्ही ते आपोआप १६:९मध्ये ताणतात आणि प्रत्येक माणूस रुंदीला एक तृतीयांशाने फुगतो. सडपातळ रिचर्डही गुबगुबीत दिसायला लागला की समजा, सेटिंग चुकलंय. ‘झूम’ केलंत तर चित्राची उंची वरून-खालून मिळून चतुर्थांश कापली जाते आणि त्यात पहिला बळी हायसिंथच्या हॅटचा. या मालिकेत हॅट कापणं म्हणजे निम्मी भूमिका कापणं. तेव्हा ४:३ ठेवा, दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या सहन करा.

संगणकावर हलत्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेषा दिसल्या तर डीइंटरलेस (अर्धचित्रांतून पूर्ण चित्रं करणं) चालू करायचं राहिलंय. व्हीएलसीमध्ये व्हिडिओ मेन्यूत ते मिळतं. पद्धत ‘याडिफ २एक्स’ निवडा, म्हणजे सेकंदाला पूर्ण ५० चित्रं मिळतात आणि स्टुडिओतल्या व्हिडिओचा मूळचा सळसळीतपणा टिकतो. ‘ब्लेंड’ निवडलं तर रेषा जातात, पण तीच सावली परत येते. प्लेअरला टीव्हीकडे ५० हर्ट्झने चित्र पाठवायची सोय असेल तर तीच ठेवा, ६०वर कॅमेरा आडवा फिरताना हिसके बसतात. आणि ‘एचडी’ असा शिक्का मारून कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. स्टुडिओतली दृश्यं त्या काळच्या व्हिडिओ टेपवर आहेत. टेपवर जे नाहीच ते चित्र मोठं केल्याने उगवत नाही.

खोक्यावर इंग्रजी सबटायटलचा उल्लेख आहे ना तेही बघा. हायसिंथचं बोलणं कळायला अडचण नाही, उलट ती प्रत्येक अक्षर चावून बोलते. अडतं ते ऑन्स्लो आणि डेझीच्या घरात. तिथे बोली उत्तरेकडची, वाक्यं तोंडातल्या तोंडात, आणि त्यावर प्रेक्षकांचा हशा. हा हशा खऱ्या प्रेक्षकांचा आहे. त्या काळातल्या ब्रिटिश विनोदी मालिकांची रीत अशी की चारपाच दिवस तालीम, मग एका संध्याकाळी प्रेक्षकांसमोर सलग ध्वनिचित्रमुद्रण, आणि बाहेरची दृश्यं आधीच टिपून त्याच प्रेक्षकांना दाखवायची. म्हणजे स्टुडिओतला निम्मा भाग जवळजवळ नाटकाचा प्रयोगच. राउटलेजबाई इथे घरच्या मैदानावर आहेत.

हशा घेणं ही काय चीज आहे ते बघायचं तर फोनचे प्रसंग निवडून काढा. हॉलमधला पांढरा फोन वाजतो. हायसिंथ लगेच उचलत नाही, आधी स्वतःला आवरते. मग आवाज एक पट्टी वर चढतो, घराण्याची आणि घरमालकिणीची ओळख करून देणारं ते ठरलेलं वाक्य येतं. पलीकडे चायनीज खाणं मागवणारा कुणी चुकीच्या नंबरवाला निघतो. आता बघा : चेहरा पडतो, पण आवाज लगेच पडत नाही. आधी डोळे, मग हनुवटी, सगळ्यात शेवटी आवाज. प्रेक्षक डोळ्यांवर हसायला लागतात, हनुवटीवर हशा वाढतो आणि तो ओसरायला लागला की पुढचं वाक्य येतं, त्याच्या आधी नाही आणि नंतरही नाही. नाटकात रोजच्या प्रेक्षकाप्रमाणे हा थांबा लांबवता-आखडता येतो. इथे कॅमेऱ्याची चौकट ठरलेली असताना त्यांनी तो साधलाय.

मुलगा शेरिडन याचे फोन तर याहून अवघड. शेरिडन ४४ भागांत एकदाही दिसत नाही, त्याचा आवाजही ऐकू येत नाही. तो काय बोलतोय हे हायसिंथच्या गप्प बसण्यावरून आपल्याला कळतं. तो पैसे मागतो, ती आनंदाने ऐकता ऐकता रकमेशी येऊन अडखळते आणि क्षणात तेही त्याच्या हुशारीचं लक्षण ठरवून टाकते. एका बाजूचं संभाषण करताना नवखी मंडळी पलीकडचं वाक्य मनात न ऐकताच थांबतात, मग सगळे थांबे एका लांबीचे होतात. राउटलेजबाईंचे थांबे कधीच सारखे नसतात. शेरिडनचं बोलणं किती लांब, त्यात कुठे वळण आलं, हे मोजून काढता येईल इतकं स्पष्ट आहे.

आवाजाचे तीन थर वेगळे ऐकायला शिका, म्हणजे मजा दुप्पट होते. एक फोनवरचा आणि व्हिकारसमोरचा (चर्चच्या धर्मगुरूसमोरचा), कमावलेला, ताठ. दुसरा रिचर्डला हाक मारतानाचा : पुढे फेकलेला, आज्ञेचा, गाडीत बसल्यावर पादचारी आणि सायकलस्वार दाखवून देणारा. तिसरा क्वचित निसटणारा. बहिणींच्या दारात, घाबरल्यावर किंवा संतापल्यावर उत्तर इंग्लंडचे रुंद स्वर वर येतात आणि ती ते लगेच दडपते. बाईंना हा सूर उसना आणावा लागला नाही, त्या स्वतः उत्तरेतल्याच, मर्सी नदीकाठच्या. त्यामुळे हायसिंथ नुसती ढोंगी बाई न राहता सतत पहारा देणारी बाई होते. लेखनात हा पदर पुसट आहे, तो ठळक केलाय तो नटीने.

आणि गाणं. एमेट हा शेजारणीचा भाऊ संगीताचे प्रयोग बसवतो, म्हणून हायसिंथ तो दिसला की गायला लागते आणि तो पळ काढतो. इथे एक गंमत ठाऊक असायला हवी. या बाईंना ‘डार्लिंग ऑफ द डे’ या ब्रॉडवेवरच्या संगीतिकेसाठी १९६८चं टोनी पारितोषिक मिळालेलं, लेस्ली अगम्स यांच्याबरोबर विभागून. ‘कॅन्डीड’मधल्या म्हातारीसाठी १९८८चं ऑलिव्हिए, हे लंडनच्या रंगभूमीचं पारितोषिक. मालिका चालू असतानाच नॅशनल थिएटरमध्ये ‘कॅरोसेल’मधली नेटी त्या गात होत्या. म्हणजे गळा पक्का. बेसूर गायचं तर नुसतं बेसूर होऊन भागत नाही. हायसिंथचा श्वास नीट भरलेला, तोंड शिकवल्यासारखं उघडलेलं, शब्द स्वच्छ, फक्त स्वराचा कंप जरा जास्त आणि पोहोचायची जागा जरा खाली. शिकवणी घेतलेली पण कान नसलेली गायिका. हे सोंग सुरेल गळ्यालाच जमतं, कारण किती ढळायचं ते ठरवावं लागतं.

कॉफीचे प्रसंग जोडीने बघण्याचे. जोसेफीन ट्यूसन यांची एलिझाबेथ स्वतःच्या घरात धडधाकट असते, हायसिंथच्या रॉयल डोल्टन या उंची चिनी मातीच्या कपाला हात लावला की बोटं थरथरतात. कप सांडणार हे सगळ्यांना माहीत, तरी दर वेळी हशा येतो, कारण सांडण्याची वेळ बदलत राहते. हायसिंथ कपाबद्दल काही बोलत नाही तोवर एलिझाबेथ सावरते. कप ओठांपासून वीतभर असताना एखादा प्रेमळ इशारा येतो आणि सगळं संपतं. पुढे पुढे तर राउटलेजबाई नुसत्या कपाकडे बघतात. क्लाइव्ह स्विफ्ट यांचा रिचर्डही असाच कमीत कमी हालचालीत उभा आहे. त्यांनी जरा जरी हशा मागितला असता तर हायसिंथ दुष्ट वाटली असती. ते थकतात पण चिडत नाहीत, म्हणून तिला माफी मिळते.

अंगविक्षेपाच्या बाबतीत एवढंच बघा की पहिल्या भागाच्या वेळी बाई ६१च्या होत्या, शेवटच्या वेळी ६६च्या. ऑन्स्लोच्या अंगणातल्या मोडक्या गाडीतून कुत्रा भुंकतो आणि हायसिंथ दचकून झुडपात जाते. दर वेळी आधीची चाल अगदी सरळ, पर्स कोपरात, लक्ष भलतीकडे. पडणार आहे याची पुसटशीही कल्पना त्या शरीरात दिसत नाही. ‘नॉइजेस ऑफ’ या दारं आपटण्याच्या प्रहसनात १९८२ साली डॉटी ओटलीची भूमिका पहिल्यांदा उभी केली ती याच बाईंनी. हे अंग तिथे घोटून झालेलं.

आता उणिवा. पहिल्या सीझनमध्ये रोझची भूमिका शर्ली स्टेलफॉक्स यांनी केलीय, दुसऱ्यापासून मेरी मिलर. डिस्क चुकीची लागली असं वाटू देऊ नका, नटी बदललीय. मिलर म्हणजे लंडनच्या ‘फँटम ऑफ द ऑपेरा’तल्या पहिल्या मादाम गिरी. त्यांच्या वाट्याला मात्र पुरुषांमागे धावणं आणि आखूड स्कर्ट याखेरीज फारसं काही आलं नाही. रोझवरचे विनोद आज सगळ्यात जास्त शिळे लागतात. एमेटही पहिल्या सीझनमध्ये नाही, तो दुसऱ्याच्या सुरुवातीला ‘अ स्ट्रेंज मॅन’मध्ये येतो, आणि तो आल्यावर मालिकेला गाण्याचं इंजिन मिळतं. म्हणून पहिले सहा भाग बघून मत बनवू नये.

मोठी उणीव पुनरावृत्तीची. फोन, पोस्टमन, कॉफी, एमेट, गाडीतल्या सूचना, कुत्रा, फटफटत येणारी ऑन्स्लोची गाडी : जवळपास प्रत्येक भाग याच पुर्जांनी जोडलाय. आठवड्याला एक भाग बघणाऱ्यासाठी ती ओळखीची खूण होती, सलग सहा बघणाऱ्याला तो छळ होतो. एका बैठकीला दोन भाग पुरे. तिसरा लावला की थांबे आधीच कळायला लागतात आणि ज्यासाठी संच घेतला तेच बोथट होतं. पाचव्या सीझनमधले काही भाग तर जुन्याच प्रसंगांची फेरमांडणी वाटतात. राउटलेजबाईंनी स्वतः थांबायचं ठरवलं म्हणून मालिका तिथे संपली. बीबीसीला ती आणखी हवी होती, आणि २०१६ साली बीबीसीच्या विक्री विभागाने दिलेल्या माहितीनुसार परदेशी वाहिन्यांना सर्वाधिक विकलेला त्यांचा कार्यक्रम हाच होता, जवळपास १,००० वेळा. एवढं दुभतं जनावर सोडायला हिंमत लागते, आणि पाचवा सीझन बघता निर्णय योग्यच.

निवडक बघायचं असेल तर : ओळखीपुरता पहिल्या सीझनमधला ‘डॅडीज अॅक्सिडेंट’, मग दुसऱ्यातले ‘अ स्ट्रेंज मॅन’, ‘ड्रायव्हिंग मिसेस फोर्टेस्क्यू’ आणि ‘द कॅण्डललाइट सपर’. तिसऱ्यातला ‘व्हॉट टू वेअर व्हेन यॉटिंग’ शरीराच्या कामासाठी. मग ‘सी फीव्हर’. दुसरा सीझन सगळ्यात भक्कम, तो सगळाच बघितला तरी हरकत नाही.

यानंतर याच संचात अडकून राहू नका. दुसरी खरेदी नाटककार अॅलन बेनेट यांच्या ‘टॉकिंग हेड्स’ची. १९८८ आणि १९९८ असे सहा-सहा स्वगतांचे दोन संच, आणि राउटलेजबाई दोन्हींत आहेत : आधीच्यात ‘अ लेडी ऑफ लेटर्स’, नंतरच्यात ‘मिस फोझर्ड फाइंड्स हर फीट’. दोन्ही एकत्र असलेली आवृत्ती बघा. १९८२चं ‘अ वुमन ऑफ नो इम्पॉर्टन्स’ हे बेनेट यांनी लिहिलेलं त्यांचं आधीचं स्वगतही सोबत मिळत असेल तर सोडू नका, पण आहे की नाही ते यादी वाचून ठरवा. २०२०मध्ये बीबीसीने यातली बरीचशी स्वगतं नव्या कलाकारांना घेऊन पुन्हा केली. तिथे ‘अ लेडी ऑफ लेटर्स’ इमेल्डा स्टॉन्टन यांच्याकडे आणि ‘मिस फोझर्ड’ मॅक्सिन पीक यांच्याकडे आहे. नाव तेच असल्याने मागवताना साल नक्की बघा.

‘अ लेडी ऑफ लेटर्स’मधली आयरीन रडक एकटी राहते, पडद्याआडून शेजाऱ्यांवर नजर ठेवते आणि तक्रारींची पत्रं लिहिते. दोन वाक्यांत सांगितलं तर हायसिंथच वाटावी. पण इथे प्रेक्षक नाहीत, हशा नाही, समोर फक्त कॅमेरा. जो थांबा तिथे हशासाठी होता तोच थांबा इथे भीतीदायक होतो : वाक्य संपतं, बाई आपल्याकडे बघत राहतात आणि आपण सहमत आहोत हे गृहीत धरतात. शेरिडनच्या फोनमध्ये पलीकडच्याचं बोलणं त्या ऐकत होत्या, इथे पलीकडचे आपण. शेवट उघड करणं बरं नव्हे, एवढंच की बाईंचा आवाज शेवटी पहिल्यांदा सैल पडतो. हायसिंथचे चारपाच भाग बघून झाल्यावर लगेच हे लावावं, उलट्या क्रमाने नको. आधी आयरीन बघितली तर हायसिंथवर हसणं जड जातं.

विनोदी लेखिका-अभिनेत्री व्हिक्टोरिया वुड यांच्या ‘अॅज सीन ऑन टीव्ही’मधली (१९८५–८७) किटी म्हणजे या दोघींमधला पूल. खुर्चीत बसून कॅमेऱ्याशी बोलणारी, कशाहीबद्दल ठाम मत असलेली बाई. छोटे तुकडे आहेत, पण हायसिंथची पूर्वतयारी तिथे ऐकू येते.

‘हेटी वेनथ्रॉप इन्व्हेस्टिगेट्स’ (१९९६–९८, चार सीझन, २७ भाग) हा संच सावध शिफारशीने. हायसिंथ संपल्यावर लगेच घेतलेली ही लँकशरमधली निवृत्त गृहिणी-गुप्तहेर. रहस्यं बेताची, जाणत्या वाचकाला अर्ध्यातच उलगडतात. चांगलं काय तर संयम. हॅट, आवाज, ताठा सगळं काढून ठेवलंय आणि डॉमिनिक मोनाहन या पोरसवदा नटाबरोबरचे प्रसंग उबदार झालेत. रविवारी संध्याकाळी घरच्या सगळ्यांसोबत बघायला ठीक. अभिनयाचा अभ्यास म्हणून पहिला सीझन पुरे.

गाणाऱ्या राउटलेज ऐकायच्या असतील तर ‘डार्लिंग ऑफ द डे’ची ब्रॉडवेच्या मूळ संचाची ध्वनिमुद्रिका शोधा. प्रयोग जेमतेम ३१ झाले, संगीत ज्यूल स्टाइन यांचं. नाटक कोसळलं तरी टोनी मिळालं ते का, हे ऐकून कळतं. आणि बघायच्याही असतील तर ‘द पायरट्स ऑफ पेन्झन्स’ ही संगीतिका, म्हणजे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या उघड्या रंगमंचावरचा १९८०चा प्रयोग, त्यात त्या रूथ या पात्राच्या भूमिकेत आहेत. चित्रण साध्या व्हिडिओवरचं, बाहेरचं, त्यामुळे चकाचक चित्राची अपेक्षा ठेवू नका. डिस्क अमेरिकन आहे, तेव्हा वरची रीजनची आणि एनटीएससीची सगळी कलमं इथेही लागू. मुख्य धोका वेगळाच आहे. १९८३ साली याच निर्मितीवरून चित्रपट निघाला आणि केव्हिन क्लाइन, लिंडा रॉनस्टॅट, रेक्स स्मिथ ही मोठ्या अक्षरांतली नावं दोन्हीकडे तीच आहेत. रूथ मात्र तिथे अँजेला लॅन्सबरी. खोक्यावरचं चित्र बघून मागवू नका, नामावळीत रूथसमोर कुणाचं नाव आहे ते वाचून मगच पैसे भरा.